तांबडीच्या अंगातलं औषध

आमच्या घरात कोंबडी आजारी आहे, असं मी माहेरी फोनवर सांगितलं तेव्हा आईला आधी ते खरंच वाटेना. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात?" तिचंही काही चुकलं नव्हतं. आम्ही लिंगायत. सकाळी कपाळाला विभूती लागल्याशिवाय आणि पूजा आटोपल्याशिवाय चहाला तोंड न लावणारं घर. मुलांनी वाढदिवसाला बेकरीतला केक आणला तर तो गच्चीवर खायचा, चूळ भरायची आणि मगच खाली यायचं, असा नियम होता. नियम अर्थात अत्तींचा. सासूला आमच्यात अत्ती म्हणतात, आणि आमच्या अत्तींचे नियम आख्ख्या गल्लीला पाठ होते.

कोंबडी आमची नव्हतीच. ती शेजारच्या चाचीची. चाचीचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. ती घरात मशीनवर ब्लाऊज शिवायची आणि एकुलती एक लेक आजऱ्याला दिलेली. तिचं घरामागचं परडं आणि आमचं परडं यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत, आणि त्या भिंतीतला एक दगड कधीचा निखळलेला. त्या भगदाडातून चाचीची तांबडी कोंबडी रोज आमच्याकडं यायची, अत्तींची तुळस उकरायची, कोथिंबिरीचा वाफा विस्कटायची आणि आल्या वाटेनं परत जायची. मग अत्ती भिंतीपाशी जाऊन हाक द्यायच्या, "चाची, तुझं पाखरू आवर." आतनं मशीनचा आवाज थांबायचा आणि चाची म्हणायची, "तिला सांग की आक्का, मला काय सांगतीस." हे रोजचं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. गल्लीत टीव्ही घरोघरी आले होते, पण आम्हाला त्या दोघी पुरायच्या.

तांबडीचं पुढं काय होणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. चाचीच्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात चाचीनं बाजारातनं ती तलंग आणली होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. लेक बाळंतपणाला माहेरी येणार, तिला गावठी कोंबडीचा रस्सा लागणार, ती बाजारातली पांढरी कोंबडी काय कामाची, असं चाचीचं म्हणणं. सात-आठ महिने ती तांबडीला ज्वारी आणि तांदळाची कणी घालत होती. तांबडीही नुसती खाऊन चांगली जडशीळ झाली होती. चालताना डुलायची.

आणि ऐनवेळी आजऱ्याच्या डॉक्टरांनी लेकीला प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं. पावसाळ्याचे दिवस, रस्ता खड्ड्यांचा. बाळंतपण तिकडंच करायचं आणि अंग जरा भरलं की बाळबाळंतिणीला घेऊन यायचं, असं ठरलं. चाचीनं एका दिवसात पिशवी भरली. संध्याकाळी ती आमच्या मागल्या दाराशी आली ती काखेत तांबडी घेऊनच. अत्ती उंबऱ्याच्या आत आणि ती बाहेर.

"आक्का, ही माझ्या लेकीची कोंबडी हाय. तुझ्यावर सोडून चाललोय. मी येईस्तोवर राख."

आमच्याकडं बायकाही 'मी चाललो, मी आलो' असंच बोलतात, बाहेरच्या माणसाला ते जरा चमत्कारिक वाटतं. मला त्या वेळी चमत्कारिक वाटलं ते हे की, गल्लीत मटण खाणारी एवढी घरं सोडून ती आमच्याकडं कशाला आली. मी तसं विचारलंही. चाची म्हणाली, दुसऱ्या कुणाकडं ठेवली तर मी परत येईस्तोवर तिचा रस्सा झालेला असेल आणि मांजरानं नेली म्हणून मला सांगतील. तुझी सासू खोटं बोलायची न्हाय.

हे मात्र खरं. अत्तींचं खरं बोलणं म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप होता. त्यांच्या सख्ख्या भाच्यासाठी आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, सगळं जुळत आलं. मुलीच्या आईनं सहज विचारलं, मुलगा स्वभावानं कसा आहे? अत्ती म्हणाल्या, पोरगा गुणाचा हाय, पण तापट हाय, आणि उन्हं अंगावर आल्याबिगर उठत न्हाय. लग्न झालं म्हणा, पण तो भाचा पुढं किती दिवस आमच्याकडं जेवायला येईना. अशा बाईला चाचीनं कोंबडी सोपवली, आणि अत्तींनी मान हलवून ती घेतली. हातात नव्हे. मी घेतली. त्यांनी नुसतं कुठं ठेवायची ते बोटानं दाखवलं.

ठेवायची जागा परड्याच्या पार टोकाला, जुन्या न्हाणीच्या वळचणीला. वर पत्रा, खाली डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली. दाणापाणी मी करायचं, डालगं मीच उचलायचं आणि हात धुऊन घरात यायचं. तांबडीनं उंबरा ओलांडायचा नाही. अत्तींनी पहिल्याच दिवशी तिला समोर उभं करून हे सांगितलं. ती मान वाकडी करून ऐकत होती आणि मला हसू आवरेना.

चाची गेली आणि पावसानं चिकाटीच धरली. जोराचा असता तर परवडला असता, पण ही नुसती भुरभूर, रात्रंदिवस. पंचगंगेला पाणी चढलेलं, भिंती ओल्या, कपडे वाळेनात, मुलांच्या शाळेच्या गणवेशाला कुबट वास. त्या न्हाणीच्या वळचणीला तर खालूनच ओल यायची. आठवड्याभरात तांबडी गप्प झाली. दाण्याकडं बघेना. पिसं फुगवून, डोळे मिटून बसायची. एका सकाळी मी डालगं उचललं तर ती चोच उघडी टाकून, मान वर ताणून श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला आतनं घरघर आवाज येत होता. मध्येच मान झटकायची, नाकातनं पाणी उडायचं. मी अत्तींना हाक मारली.

अत्ती पूजेतून उठून आल्या. भुरभुरत्या पावसात डोक्यावर पदर घेऊन त्या कोंबडीसमोर खाली बसल्या आणि कान लावून ऐकलं. सर्दी छातीत उतरल्या, म्हणाल्या. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ या. त्या म्हणाल्या, चार पोरांच्या छात्या मी घरात बऱ्या केल्यात, ह्या एवढ्याशा जिवाला दवाखाना कशाला. आणि मग म्हणाल्या, पोटुशीची कोंबडी हाय, तिला बाळंतिणीगत जपाय पायजे.

इथंच सगळं चुकलं. आमच्याकडं बाळंतिणीला जपायचं म्हणजे काय, हे ज्यानं बघितलंय त्याला कळेल. खोलीची दारं-खिडक्या बंद. बाजेखाली शेगडी. शेगडीत ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी. बाळंतीण आणि बाळ त्या धुरात घामाघूम होतात, सगळ्या घराला ओव्याचा वास सुटतो आणि म्हाताऱ्या बायका समाधानानं म्हणतात, आता वारं लागायचं न्हाय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी ते भोगलं होतं. आता तेच तांबडीच्या नशिबी आलं. अत्तींनी तिला जुन्या न्हाणीच्या आत घेतलं, खाली वाळका भुस्सा टाकला, डालग्यावर वाकळ पांघरली, दार लावून घेतलं आणि शेजारी निखाऱ्यावर ओवा टाकला. दिवसातनं सकाळ-संध्याकाळ. वर चमच्यानं तुळशीचा काढा. काढा पाजताना तांबडीला धरायचं काम माझं, म्हणजे निम्मा काढा माझ्या साडीवर. अत्ती मला म्हणायच्या, तुला एक कोंबडी धराय येत न्हाय, शाळेत पोरं कशी धरतीस. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. मी म्हटलं, पोरांना पंख नसतात. त्यांना ते उद्धट वाटलं.

दोन दिवसांनी तांबडीचा लालभडक तुरा जांभळा पडला. श्वास घेताना तिचं सगळं अंग शेपटीपर्यंत हलत होतं. अत्ती न्हाणीच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. चाचीला काय सांगू, एवढंच त्या पुटपुटत होत्या. लेकीची कोंबडी हाय म्हणून तिनं सांगितलेलं, मी काय सांगू तिला. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुझी गाडी काढ."

माझी एक जुनी मोपेड होती. अत्ती तिच्यावर कधी बसल्या नव्हत्या. पडून मरायची हौस न्हाय, असं म्हणायच्या. त्या दिवशी त्या इरकल लुगडं सावरून मागं एका अंगाला बसल्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तांबडी. पदर तिच्यावर झाकला होता, पण तिला श्वास लागतोय म्हणून डोकं तेवढं बाहेर. मी म्हटलं, मी एकटी नेते, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, तू गाडी धरशील का कोंबडी.

गल्लीच्या तोंडापासूनच लोक बघायला लागले. तालमीसमोरच्या कट्ट्यावर बसलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय मावशी, आज तांबडा रस्सा व्हय?" मी गाडी जोरात घेतली. पुढं चौकात रिक्षा, टांगे, ट्रक सगळे अडकलेले आणि नेमकी तिथंच मठातली एक ओळखीची बाई छत्री घेऊन उभी. अत्तींची आणि तिची दर सोमवारची भेट. तिनं पदराखाली हललेलं बघितलं आणि विचारलं, काय नेताय? दुसरी कुणी असती तर भाजी म्हणाली असती, नाहीतर काहीच नाही म्हणाली असती. अत्ती म्हणाल्या, "कोंबडी. छाती भरल्या तिची." त्या बाईचा चेहरा मी आरशात बघितला. संध्याकाळपर्यंत ही बातमी मठात पोचली आणि तिथून आमच्या नातेवाइकांत कराडपर्यंत गेली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ही गर्दी. म्हशी, शेळ्या, एक पाय बांधलेला बैल. अत्तींनी एका म्हशीवाल्याला बाजूला सारलं. पावणं, जरा सरका की, आमचं पेशंट लई अवघड हाय, म्हणाल्या. त्यानं वळून पेशंट बघितलं आणि तो हसत हसत सरकला. डॉक्टर चाळिशीतले, शांत माणूस. त्यांनी तांबडीला टेबलावर घेतलं, छातीला कान लावला, चोच उघडून आत बघितलं. मग तिच्या पिसांचा वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला.

"हिच्या अंगाला ओव्याचा वास कसा येतोय?"

अत्तींनी सगळं सांगितलं. किती ओवा, किती वावडिंग, दार कसं बंद केलं, वाकळ कशी पांघरली. सांगताना त्यांचा आवाज जरा अभिमानाचाच होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हसू येत होतं, पण ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. ते म्हणाले, सर्दी ओलीनं झाली, ती साधी होती. पण कोंबडीची छाती फार नाजूक असते, घरच्या चुलीचा धूरसुद्धा तिला सोसत नाही. तुम्ही तिला धुराच्या खोलीत कोंडलंत. अत्तींचा चेहरा पडला. त्यांनी टेबलाची कड धरली आणि खाली बघत म्हणाल्या, "म्हंजे माझ्याच हातनं."

डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, वेळेवर आणलीत. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, पाण्यातनं द्यायची पावडर दिली. कोरडी जागा, मोकळी हवा, धूर अजिबात नाही, असं दोनदा बजावलं. आणि निघताना सवयीनं म्हणाले, औषध चालू असेपर्यंत आणि नंतरचे पंधरा दिवस हिला कापू नका, औषध अंगात राहतं. अत्तींनी एकदम मान वर केली. आम्ही लिंगायत हाय, म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांच्या कपाळाकडं बघितलं, कोंबडीकडं बघितलं. मग कोंबडी कशाला पाळलीत, त्यांनी विचारलं. अत्ती म्हणाल्या, पाळली न्हाय, राखल्या. शेजारणीच्या लेकीच्या रश्श्यासाठी.

हे बोलल्या आणि त्या स्वतःच तांबडीकडं बघायला लागल्या. इतके दिवस ते त्यांना माहीत होतं, पण तोंडानं असं सरळ सांगितलं ते त्याच दिवशी. घरी येताना मधे एकदा मी आरशात बघितलं तर त्यांनी पदराआडून तांबडीच्या डोक्यावर एक बोट ठेवलं होतं.

आमच्या घरात कोरडी आणि मोकळ्या हवेची जागा म्हणजे एकच, पुढच्या सोप्यातली खिडकी. खिडकीच्या उजव्या हाताला देवघर. मी डालगं घेऊन मागल्या दारातच थांबले. उंबऱ्याचा नियम आठवत होता. अत्ती आतनं म्हणाल्या, तिथं काय उभी राहिल्यास, घे आत. आणि तांबडी घरात आली.

आमचे हे संध्याकाळी कामावरून आले आणि दारातच थबकले. देवघरात समई, समईजवळ अत्ती पूजेला बसलेल्या आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर डालग्याखाली कोंबडी घरघरतेय. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मला काही विचारू नका, तुमच्या आईला विचारा. त्यांनी काही विचारलं नाही. आईला काही विचारायचं धाडस त्यांना लहानपणापासूनच नाही.

पुढचे दिवस त्या घरात तांबडीचेच होते. अत्ती पूजा करता करता मध्येच थांबून तिचा श्वास ऐकायच्या. देवाला धूप लावायचा तर परड्यात जाऊन लावून यायच्या. जन्मात देवघरातला धूप चुकला नव्हता. मी औषधाचं पाणी पाजायची, आणि दहीभात बोटानं चोचीला लावायचा हे काम मात्र अत्तींनी माझ्याकडून काढून घेतलं. सुरुवातीला त्या हातावर फडकं गुंडाळून द्यायच्या. मग फडकं कुठं गेलं ते मी बघितलं नाही. दुपारी शाळेतनं आले की त्यांचं तिच्याशी बोलणं ऐकू यायचं. खा की बाई, असं काय करतीस, माझ्याच हातनं झालंय ते मला म्हाईत हाय, आता खा की. मी दाराशीच चपला हळू काढायची, म्हणजे बोलणं तुटायचं नाही.

हळूहळू घरघर कमी झाली. तुऱ्याचा जांभळा रंग जाऊन गुलाबी आला. मग एका सकाळी अत्ती पूजेला बसल्या असताना तांबडीनं डालग्याच्या फटीतनं मान काढली आणि ताटातलं बेलाचं पान चोचीनं ओढून नेलं. अत्ती ओरडल्या. पण ते ओरडणं कसलं, त्यात सगळा आनंदच होता. शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या तर त्यांना त्या ते पान दाखवत होत्या, कुठं टोचलंय ते.

खरी कमाल त्यानंतर झाली. देवघरासमोर अत्तींची पूजेची घोंगडी घडी करून ठेवलेली असायची. तांबडीला आता दुपारी मोकळं सोडत होतो. मी चहा करत होते आणि बाहेर एकदम मोठा कॉक-कॉक आवाज झाला. जाऊन बघते तर तांबडी ऐटीत फिरतेय, आणि त्या घोंगडीच्या बरोबर मध्ये अंडं. आमच्या सात पिढ्यांत घरात अंडं आलं नसेल आणि आलं ते थेट देवासमोर. अत्ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरातनं सांडशी मागवली, अंडं सांडशीनं उचललं आणि तालमीतल्या एका पैलवानाला हाक मारून दिलं. ती सांडशी पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. घोंगडी धुतली गेली. आणि तांबडीला कुणी एक शब्द बोललं नाही.

दरम्यान आजऱ्याहून चाचीचा फोन आला, लेकीला मुलगा झाला. अत्तींनी बाळाचं वजन, रंग, रडतंय कसं, सगळं विचारलं. शेवटी चाचीनं तांबडीचं विचारलं असणार, कारण अत्ती एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, बरी हाय. फोन ठेवून त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी तांबडीशी बोलायचं बंद केलं. दाणे टाकायच्या आणि बघायच्या नाहीत. तांबडी पायात पायात करायची. मी एकदा हळूच म्हटलं, अत्ती, चाचीला सांगून बघू या का? तिची वस्तू हाय, त्या म्हणाल्या, शब्द दिलाय मी. मला राग आला. माझा स्वभाव तसा. मी म्हटलं, मग एवढं जगवलं कशाला, मेली असती तर सुटली असती. त्या उठून आत गेल्या.

चाची जीपनं आली. उघाड पडलेली होती. अत्ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आधीच तिच्या दारात उभ्या होत्या. बाळबाळंतिणीवरून तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, बाळाच्या कानामागं काजळ लावलं. सगळं झालं. चाचीनं पदरानं घाम पुसला आणि आमच्या परड्यात बघितलं. तांबडी उन्हात पंख पसरून बसली होती, तुरा लाल, पिसं चकाचक.

"आक्का, सोनं केलंस बघ. उद्या सकाळी माणूस बोलवतो."

माणूस म्हणजे कापणारा. अत्ती भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. पावडर संपून महिना उलटून गेला होता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"न्हाय जमायचं," अत्ती म्हणाल्या. "हिच्या अंगात औषध हाय. बाळंतिणीला चालायचं न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

चाची म्हणाली, अगं बाई, आजारी होती व्हय. मग विचारलं, किती दिस राहतंय ते औषध? अत्तींनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती.

"ते काय त्यांनी सांगितलं न्हाय."

मी त्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. मी ओठ घट्ट मिटून कोथिंबिरीच्या वाफ्याकडं बघत राहिले. चाचीनं अत्तींकडं बघितलं, तांबडीकडं बघितलं, आणि म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातनं दुसरी कोंबडी आणली. अत्तींनी त्या दिवशी परात भरून डिंकाचे लाडू केले, खोबरं आणि खारीक हात सैल सोडून घातली, आणि चाचीच्या लेकीला सव्वा महिना ते लाडू पुरवले. लेक म्हणायची, मावशी, किती करताय हो. मला तेवढं माहीत होतं की, ती त्या रश्श्याची परतफेड चाललीय.

त्यानंतर तांबडी दोन्ही परड्यांची झाली. झोपायला चाचीकडं, खायला आमच्याकडं. आणि चाचीचा एक खेळच सुरू झाला. ईद आली, पाव्हणे आले, नातवाचा वाढदिवस आला की ती भिंतीपलीकडनं विचारायची, "आक्का, औषध उतरलं काय गं?" अत्ती इकडनं म्हणायच्या, "अजून न्हाय." एवढंच. मी आत भाकरी थापत ऐकायची. पहिल्या पहिल्यांदा अत्ती हे म्हणून झालं की देवघरात जाऊन बसायच्या. नंतर नंतर बसेनाशा झाल्या. नातू शाळेत जायला लागला, आमच्या हातात मोबाईल आले, गल्लीतली घरं पाडून अपार्टमेंट उभी राहिली, तरी औषध काही उतरलं नाही. तांबडीनं अंडी घालायचं कधीच सोडलं होतं. चालताना डुलायची ती मात्र अजून डुलायची.

थंडीतल्या एका सकाळी ती तुळशीजवळ उन्हात बसली ती उठलीच नाही. घरघर नाही, तडफड नाही, मान पंखात घातलेली. अत्तींनी भिंतीपलीकडं हाक मारली आणि चाची आली. आता तिला भिंत ओलांडवत नव्हती, ती फिरून दारानं आली. मी भगदाडाजवळ खड्डा खणला. दोघींनी मिळून तांबडीला खाली ठेवलं, माती लोटली. अत्ती खुरप्यानं माती सारखी करत बसल्या, नको तितका वेळ.

"चाची, एक सांगायचं हाय," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "डॉक्टरनं पंधराच दिस सांगितलेलं. मी तुझ्याजवळ खोटं बोललो."

चाची म्हणाली, "म्हाईत हाय. बाळाला घेऊन आलो, त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन इचारून आलतो."

अत्तींच्या हातातलं खुरपं थांबलं. "मग इतकी वर्सं सारखं इचारत का हुतीस?"

चाचीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू खरं बोलणारी बाई. एखाद्या दिवशी उतरलं म्हणालीस तर हिला कापाय लागंल, ह्याचंच भ्या वाटायचं. म्हणून मधनं मधनं तुझ्याकडनं 'न्हाय' म्हणवून घेत हुतो."

अत्तींनी खुरपं खाली टाकलं. मग हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, आणि हसता हसता रडायला लागल्या. थोरली लबाड हाईस, एवढंच त्यांना म्हणता आलं. चाची त्यांच्या शेजारी मातीतच बसली. माझेही डोळे भरून आले होते, आणि त्या दोघींसमोर रडायची मला लाज वाटली, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. मागनं अत्तींचा आवाज आला, चाचीच्या चहात साखर जास्त घाल.